आपला खेळ संपल्यावर



दोन रविवारांपूर्वी सकाळच्या दुसऱ्या मिस्सानंतर आपल्या धर्मग्रामातील एक तरुण आम्हाला भेटायला आला. बरोबर आईही होती. हा तरुण कॉलेजच्या बास्केटबॉल संघात चार वर्षे खेळला. आता नोकरीला लागला आहे. चर्चच्या मागच्या मैदानावर जी रिंग आहे, तिच्याखाली धर्मशिक्षणाचा वर्ग सुटल्यावर मुलांची झुंबड उडते हे आपण सारे पाहतो. या मुलांना आठवड्यातून तीन संध्याकाळी नीट शिकवावे, असे त्याच्या मनात आहे. पण मनात एक अडखळही आहे. तो म्हणाला, "फादर, मी स्वतः कुठे मोठा खेळाडू झालो? युनिव्हर्सिटीच्या संघातसुद्धा माझी निवड झाली नाही. जे मला जमलं नाही ते मी दुसऱ्यांना शिकवायचं, हे ढोंग नाही का?"

आईचा प्रश्न वेगळाच होता. "फादर, तुम्हीच याला दोन शब्द सांगा. चार वर्षं पहाटे उठून त्या चेंडूपायी धावला, गुडघा दुखावून घेतला. हाती काय लागलं? आता पुन्हा तोच चेंडू!"

आम्ही त्या दोघांना लगेच उत्तर दिले नाही. "विचार करून सांगतो," एवढेच म्हणालो. कारण हे दोन्ही प्रश्न त्या एका घरातले नाहीत. आपल्यापैकी कोणी गात होते, कोणी नाटकात काम करत होते, कोणी गणितात पहिला नंबर काढत होते. पुढे संसार लागला, वय झाले आणि ते सारे मागे पडले. देवाने दिलेल्या देणगीचे, आपल्या हातून तिचे व्हायचे तेवढे झाल्यावर, पुढे काय होते? ती संपते की कोणाच्या तरी हाती द्यायची असते? आणि द्यायची असेल, तर ती देताना आपले मन कसे असावे? आजच्या चिंतनात याचा विचार करू या.

प्रथम या खेळाकडेच पाहू. बास्केटबॉल हा खेळ एका धर्मशास्त्राच्या पदवीधराने शोधून काढला, हे आपल्यातील पुष्कळांना ठाऊक नसेल. जेम्स नेस्मिथ हा कॅनडात जन्मलेला प्रेस्बिटेरियन पंथाचा तरुण. माँट्रियल येथे त्याने धर्मशास्त्राचे शिक्षण घेतले. पण सगळे त्याला व्यासपीठावर पाहू इच्छीत असताना तो व्यायामशाळेकडे वळला. मैदानावरही माणसे घडवता येतात, अशी त्याची श्रद्धा होती. डिसेंबर १८९१ मध्ये अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड या गावी वायएमसीएच्या शिक्षणसंस्थेत त्याने पीच नावाच्या फळाच्या दोन टोपल्या सज्ज्याच्या कठड्याला ठोकल्या, १३ नियम लिहिले आणि थंडीत घरात कोंडलेल्या विद्यार्थ्यांना नवा खेळ दिला. टोपल्या जमिनीपासून १० फुटांवर होत्या. आजही रिंग तेवढ्याच उंचीवर असते.

गंमत पुढे आहे. हा नेस्मिथ १८९८ मध्ये कॅन्ससच्या विद्यापीठात गेला आणि तेथील संघाचा पहिला प्रशिक्षक झाला. त्याच्या हाताखाली संघाने ५५ सामने जिंकले आणि ६० हरले. त्या विद्यापीठाच्या इतिहासात जिंकलेल्यांपेक्षा हरलेले सामने जास्त असलेला प्रशिक्षक एकच, आणि तो म्हणजे खेळ शोधून काढणारा माणूस! पण त्याच्या हाताखाली फॉग ॲलन नावाचा एक विद्यार्थी खेळला आणि पुढे त्याच विद्यापीठाचा मोठा प्रशिक्षक झाला. ॲलनच्या संघाने १९५२ साली राष्ट्रीय विजेतेपद मिळवले, तेव्हा बाकावर बसून राहणाऱ्या राखीव खेळाडूंत डीन स्मिथ नावाचा गणिताचा विद्यार्थी होता. मैदानावर उतरण्याची संधी त्याला क्वचितच मिळे. हाच स्मिथ पुढे नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात १९६१ ते १९९७ अशी ३६ वर्षे शिकवत राहिला. त्याचा संघ ८७९ सामने जिंकला. जगभर ज्याचे नाव झाले तो मायकेल जॉर्डन कॉलेजात असताना त्याच्याच हाताखाली शिकला.

हरणाऱ्या प्रशिक्षकाचा शिष्य, त्या शिष्याच्या संघातला बाकावरचा मुलगा आणि त्या मुलाचा शिष्य जॉर्डन. देणगी कशी चालत जाते ते यावरून दिसते. मधल्या एखाद्याने "मी कुठे मोठा खेळाडू" असे म्हणून हात आखडता घेतला असता, तर साखळी तिथेच तुटली असती.

तरुणाच्या प्रश्नाची दुसरी बाजूही पाहू. ज्या अमेरिकेत कॉलेजच्या बास्केटबॉलला एवढे महत्त्व आहे, तिथे सर्वांत वरच्या गटात पुरुषांचे साडेतीनशेहून अधिक कॉलेज-संघ आहेत. प्रत्येक संघात डझनाहून अधिक खेळाडू धरले, तर ही संख्या चार हजारांच्या पुढे जाते. व्यावसायिक संघांची एनबीए ही संघटना वर्षाला जेमतेम ६० नवे खेळाडू निवडते आणि त्यांतही काही परदेशांतले असतात. म्हणजे शंभरातल्या अठ्ठ्याण्णव-नव्व्याण्णव जणांचा मोठा खेळ बावीस-तेविसाव्या वर्षी संपतो. हे त्यांचे अपयश म्हणायचे का? जिन्याची शेवटची पायरीच एवढी अरुंद असेल, तर खाली राहिलेल्या प्रत्येकाला दोष देण्यात अर्थ नाही. या मुलांपैकी पुष्कळ जण पुढे शाळेतील मुलांना शिकवू लागतात. कोणी संघ सांभाळतो, तर कोणी नुसते कौशल्य शिकवतो. चेंडू बोटांच्या पेरांवर कसा घ्यावा, न पाहता ड्रिबल कसा करावा, शॉट मारताना कोपर कुठे असावे, उडी मारून उतरताना गुडघे कसे वाकवावेत, हे त्याचे काम. अशा शिक्षकाला तिकडे स्किल्स कोच म्हणतात. सामना जिंकणे त्याच्या हाती नसते. त्याने शिकवलेला मुलगा दुसऱ्याच कोणाच्या संघात खेळतो आणि टाळ्याही तिथेच पडतात. ही गोष्ट लक्षात ठेवू, पुढे तिच्याकडे परत यायचे आहे.

आता पहिला प्रश्न. स्वतः फार मोठा न झालेल्याला शिकवण्याचा अधिकार आहे काय? सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना आम्हाला ॲरिस्टॉटलचा एक विचार भेटला होता. नुसत्या सवयीने एखादी गोष्ट करणारा आणि ती गोष्ट खरोखर जाणणारा यांत तो फरक करतो. पहिल्याला 'असे होते' एवढे कळते, दुसऱ्याला 'असे का होते' तेही कळते. म्हणूनच शिकवता येणे ही तो जाणतेपणाची खूण मानतो. आपल्या घरातही हाच अनुभव येतो. आजीच्या हातची फुगियांची चव काही और असते, पण प्रमाण विचारले तर ती म्हणते, "अंदाजाने घाल." ज्या सुनेच्या फुगिया दोनदा बिघडल्या आणि मग जमल्या, ती मात्र पीठ किती वेळ ठेवायचे, कसे फेटायचे ते सगळे नीट सांगते. ज्याला सहज आले त्याला पुष्कळदा सांगता येत नाही. ज्याला धडपडत शिकावे लागले त्याला वाटेतले खड्डे पाठ असतात. तेव्हा आमच्या तरुण मित्राची जी उणीव त्याला सलते, तीच कदाचित त्याची शिकवण्याची खरी पदवी असेल.

ढोंग कधी होईल? आपण जे नव्हतो ते होतो, असे त्याने मुलांना सांगितले तर. "मी एवढा खेळलो, इथवर पोचलो, इथे अडलो आणि मला जे कळले ते तुम्हाला देतो," असे जो म्हणतो तो ढोंगी नव्हे, प्रामाणिक माणूस आहे.

संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकात शिक्षकाविषयी विवेचन करताना शिक्षकाची तुलना वैद्याशी केली आहे. रोगी बरा होतो तो मुळात त्याच्या शरीरातील शक्तीमुळे. वैद्य त्या शक्तीला साहाय्य करतो. तसेच शिकण्याचे सामर्थ्य विद्यार्थ्यात आधीच असते, ते देवाने पेरलेले असते. अंतर्यामी शिकवणारा खरा गुरू देवच. माणूस-शिक्षक बाहेरून हात देतो. हे एकदा पटले म्हणजे शिक्षकाचा अहंकारही जातो आणि न्यूनगंडही जातो. मुलाला मी घडवले, अशी फुशारकी तो मारीत नाही. मी लहान आहे, मग कसा शिकवू, अशी भीतीही त्याला उरत नाही. कारण मुळात काम त्याचे नाहीच. तो मदतनीस आहे.

मदतनिसाने काम कसे करावे याचे एक उदाहरण पाहू. जॉन वुडन हे पर्ड्यू विद्यापीठाचे नावाजलेले खेळाडू. १९३२ मध्ये पदवी घेतल्यावर ते केंटकी राज्यातील डेटन गावी एका शाळेत गेले. तेथे ते इंग्रजी शिकवत आणि मुलांचा संघ सांभाळत. पहिल्याच वर्षी त्यांचा संघ जिंकला त्याहून जास्त सामने हरला. एवढा मोठा खेळाडू, पण शिकवणे ही विद्या त्यांना नव्याने शिकावी लागली. अकरा वर्षे ते शाळेतील मुलांबरोबर राहिले. पुढे कॅलिफोर्नियातील यूसीएलए विद्यापीठात १९४८ पासून २७ हंगाम त्यांनी शिकवले. तेथेही पहिले राष्ट्रीय विजेतेपद मिळायला १९६४ साल उजाडले. नंतर मात्र १९७५ पर्यंत त्यांच्या संघाने एकूण १० विजेतीपदे मिळवली. २०१० मध्ये वयाच्या ९९ व्या वर्षी ते वारले.

हे वुडन हंगामाच्या पहिल्या दिवशी विद्यापीठातल्या धिप्पाड खेळाडूंना काय शिकवत? पायमोजे आणि बूट घालायला. पायमोज्याला सुरकुती राहिली तर फोड येतो, फोड आला तर मुलगा धावू शकत नाही. मोठमोठी भाषणे बाजूला ठेवून ते टाचेवरची सुरकुती हाताने सपाट करून दाखवीत. १९७४-७५ च्या हंगामात रोलंड थार्प आणि रोनाल्ड गॅलिमोर या दोन संशोधकांनी त्यांच्या सरावाला बसून त्यांच्या शिकवण्याच्या २,३२६ लहानमोठ्या कृतींची नोंद केली. त्यांतील सुमारे तीन चतुर्थांश कृतींत काय करावे व कसे करावे याची नेमकी माहिती होती. निव्वळ शाबासकी आणि निव्वळ रागावणे यांचा वाटा प्रत्येकी सात टक्क्यांच्याही आत होता. आपण घरी मुलांशी कसे बोलतो ते क्षणभर आठवू या. "मूर्खा, एवढंही येत नाही?" किंवा "माझा राजा किती हुशार!" या दोन टोकांच्या मध्ये जो शांतपणे दाखवून देण्याचा रस्ता आहे, त्यावर आपण किती वेळ असतो?

आता आईच्या प्रश्नाकडे येऊ. हाती काय लागलं? प्रश्न रास्त आहे. जिने पहाटे चारला उठून डबा केला, तिला तो विचारण्याचा हक्क आहे.

ॲलस्डेअर मॅकिन्टायर हे आपल्या काळातील एक थोर कॅथलिक तत्त्वचिंतक. २०२५ मध्ये त्यांचे निधन झाले. १९८१ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात ते एका सात वर्षांच्या हुशार मुलाचे उदाहरण घेतात. त्याला बुद्धिबळ खेळायचे नसते, गोळ्या-चॉकलेट मात्र हवे असतात. म्हणून त्याला सांगितले जाते की तू माझ्याशी खेळ, तुला चॉकलेट देईन आणि जिंकलास तर आणखी देईन. जोवर तो चॉकलेटसाठी खेळतो तोवर लबाडी न करण्याचे त्याला काहीच कारण नसते. पण खेळता खेळता एक दिवस त्याला खेळाचीच गोडी लागते. नेमकी चाल सुचण्यातला, पुढचा डाव ओळखण्यातला आनंद कळतो. त्या दिवसापासून लबाडी केली तर तो समोरच्याला फसवत नाही, स्वतःलाच फसवतो. मॅकिन्टायर सांगतात की प्रत्येक विद्येत दोन प्रकारचे लाभ असतात. एक बाहेरचे, म्हणजे पैसा, कीर्ती, पदक. ते एकाला मिळाले की दुसऱ्याला मिळत नाहीत. दुसरे आतले. ते त्या विद्येत उतरल्याशिवाय कळत नाहीत आणि एकाला मिळाले म्हणून दुसऱ्याचे कमी होत नाहीत.

बाई, तुमच्या मुलाला बाहेरचे फारसे मिळाले नाही, हे खरे. पण आतले? पहाटे उठण्याची सवय, हरल्यावर समोरच्याचा हात हातात घेण्याची रीत, स्वतः शॉट मारण्याचा मोह आवरून मोकळ्या असलेल्या सोबत्याला पास देण्याची बुद्धी, हे त्याच्या हाती लागले आहे. आणि तो आज काय मागतो आहे ते पाहा. तो पदक मागत नाही, मुले मागतो आहे. आपल्या हाती काहीच लागले नाही असे ज्याला वाटते, त्याला दुसऱ्यांना देण्याची ओढ लागत नाही.

येथवर आम्ही त्या तरुणाची बाजू घेतली. आता एक सावधगिरीचा शब्द आम्ही त्यालाही सांगणार आहोत, आणि आपणा पालकांनाही. शिकवणाऱ्यापुढे एक मोह नेहमी उभा असतो. आपला अर्धवट राहिलेला खेळ दुसऱ्याच्या मुलाकडून पुरा करून घेण्याचा मोह. जिथे आपण अडलो तिथून मुलाने पुढे जावे, ही इच्छा वरवर प्रेमासारखी दिसते. पण मूल चुकले की आपलाच अपमान झाल्यासारखा राग येत असेल, तर ओळखावे की आपण त्या मुलासाठी शिकवत नाही, स्वतःसाठी शिकवतो आहोत. मूल हे आपल्या स्वप्नाचे साधन नव्हे. ते देवाच्या प्रतिमेप्रमाणे घडवलेले स्वतंत्र माणूस आहे. हा नियम प्रशिक्षकाला लागू आहे तसाच तो बापाला, आईला, शिक्षकाला आणि धर्मगुरूलाही लागू आहे.

वुडन यांचीच एक गोष्ट. १९४७ मध्ये ते इंडियाना राज्यातील एका कॉलेजचे प्रशिक्षक होते. संघाला एका मोठ्या राष्ट्रीय स्पर्धेचे निमंत्रण आले. पण त्या स्पर्धेत कृष्णवर्णीय खेळाडूंना मज्जाव होता आणि वुडन यांच्या संघात क्लॅरेन्स वॉकर हा कृष्णवर्णीय मुलगा होता. तो संघातला मुख्य खेळाडू नव्हता, राखीव होता. त्याला घरी ठेवून संघ गेला असता तर खेळात फारसे काही अडले नसते. वुडन यांनी निमंत्रणच नाकारले. पुढच्या वर्षी, १९४८ मध्ये, बंदी उठली आणि वॉकर त्या स्पर्धेत खेळला. मूल मोठे की चषक मोठा, या प्रश्नाचे उत्तर असे द्यायचे असते. नव्व्याण्णव मेंढरे सोडून एकाच्या शोधात जाणाऱ्या मेंढपाळाचे हे गणित आहे.

हा मोह ओळखायला आणि आवरायला काही साध्या गोष्टी उपयोगी पडतात. पहिली, मुलाच्या उंचीला उतरणे. एनबीए आणि अमेरिकेची राष्ट्रीय बास्केटबॉल संस्था यांनी मिळून मार्गदर्शन प्रसिद्ध केले आहे. त्यात सात-आठ वर्षांच्या मुलांसाठी रिंग १० ऐवजी ८ फुटांवर ठेवावी व चेंडू लहान घ्यावा असे सुचवले आहे. रिंग वर ठेवून मुलाला उचक्या मारायला लावण्यापेक्षा रिंगच खाली आणावी. शब्द देही झाला या आपल्या श्रद्धेतही हेच आहे. आपण वर पोचू शकत नव्हतो, म्हणून तोच खाली उतरला.

दुसरी, मुलाला मूल राहू देणे. त्याच मार्गदर्शनात, निदान १४ वर्षांपर्यंत मुलाला एकाच खेळाला जुंपू नये असे म्हटले आहे. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने तर २०१६ मध्ये हे वय १५-१६ पर्यंत पुढे न्यावे आणि आठवड्यातून एक-दोन दिवस त्या खेळापासून विश्रांती द्यावी, असा सल्ला दिला. कोवळी हाडे आणि कोवळे मन यांवर एकच भार सतत पडू नये, हा त्यामागचा विचार. सातव्या दिवशी विसावा घेण्याची आज्ञा आपल्याला फार पूर्वीपासून आहे. तेव्हा रविवारी प्रॅक्टिस नाही, मिस्सा आहे!

तिसरी गोष्ट पैशाची. कामकऱ्याने मजुरी घ्यावी, हे प्रभूच्या शिकवणीत बसते. शिकवण्याचे शुल्क घेण्यात पाप नाही. पाप आहे ते स्वप्न विकण्यात. "तुमचा मुलगा नक्की देशासाठी खेळणार, आणखी सहा महिन्यांचे पैसे भरा," असे म्हणणारा माणूस खेळ शिकवत नाही, पालकांच्या आशेचा व्यापार करतो. आणि जो मुलगा पैसे देऊ शकत नाही तो रिंगखाली उभा राहून नुसता पाहत असेल, तर शिक्षकाच्या विवेकबुद्धीला ते टोचले पाहिजे.

चौथी गोष्ट आम्हाला संकोच बाजूला ठेवून लिहावी लागते. मुलांचा विश्वास ही पवित्र ठेव आहे आणि जगात अनेक ठिकाणी ती लुटली गेली आहे. खेळाच्या मैदानावर लुटली गेली, आणि दुःखाने सांगावे लागते, चर्चच्या छायेतही लुटली गेली. म्हणून शिकवणे सर्वांच्या देखत, उघड्या मैदानावर व्हावे. मुलाला एकट्याला बंद दाराआड नेऊ नये. कोणीही पालक केव्हाही येऊन बसू शकेल अशी व्यवस्था असावी. चांगल्या माणसाला या नियमांचा अपमान वाटू नये. चांगल्या माणसामुळेच ते टिकतात. २०१८ मध्ये खेळाविषयी व्हॅटिकनने एक स्वतंत्र दस्तऐवज प्रसिद्ध केला. खेळातून माणूस घडावा, मोडू नये, हीच त्यामागची तळमळ आहे.

एवढे सगळे केल्यावर शिक्षकाच्या वाट्याला काय येते? वर आम्ही म्हटले होते की कौशल्य शिकवणाऱ्याचा मुलगा दुसऱ्याच्या संघात खेळतो. हे सोपे नाही. ज्याने स्वतः टाळ्या ऐकल्या आहेत त्याला रेषेबाहेर उभे राहणे जड जाते. शुभवर्तमानात असा एक माणूस आहे. संत योहान बाप्तिस्ता. त्याच्याजवळ शिष्य होते, लोकांची गर्दी होती. येशू आला तेव्हा त्याने आपल्याच शिष्यांना बोट करून त्याच्याकडे पाठवले. पुढे लोक योहानाला सोडून येशूकडे जाऊ लागले, तेव्हा त्याचे अनुयायी कुरकुरले. तो मात्र आनंदी होता. स्वतःला तो वराचा मित्र म्हणवत होता. लग्न दुसऱ्याचे आणि आनंद आपला! स्वतः कमी होत जाण्यात आनंद मानायला जो शिकला, तो खरा शिक्षक झाला.

आपल्या जवळचेच उदाहरण घ्या. मुंबईत नागपाड्याच्या दाट वस्तीत बास्केटबॉलचे एक मैदान आहे. त्या वस्तीने भारताला नामवंत खेळाडू दिले. १९७० चा अर्जुन पुरस्कार मिळवणारे, भारताचे कर्णधार अब्बास मुंतासिर तिथलेच. पण त्या मैदानाला नाव आहे ते बच्चूखान यांचे, पिढ्यान्‌पिढ्या मुलांना शिकवणाऱ्या प्रशिक्षकाचे. नाव लागो न लागो, पण लोक कोणाला विसरत नाहीत ते यावरून कळते.

मालकाने चाकरांच्या हाती सोपवलेल्या धनाचा दाखला आपल्याला पाठ आहे. ज्याला थोडे मिळाले होते त्याने ते जमिनीत पुरले. का? तो आळशी होताच, पण तो घाबरलाही होता. आपल्याजवळचे थोडेच आहे, ही त्याची भीती होती. मालकाने किती मिळवलेस एवढेच विचारले नाही, पुरलेस का, हे विचारले. आपण आपले गाणे, आपली विद्या, हाताचे कसब असेच पुरून ठेवले आहे काय? "माझे काय, थोडेसेच होते," असे म्हणून?

त्या तरुणाला आम्ही काल निरोप पाठवला. "ये बाबा. पुढच्या सोमवारपासून सुरू कर. रिंग थोडी खाली घ्यायला सुताराला सांगितले आहे." आणि त्याच्या आईला सांगितले, "बाई, पहिल्या दिवशी तुम्हीही या. मैदानाच्या कडेला खुर्ची ठेवतो. हाती काय लागलं ते तिथे बसून पाहा. तरीही दिसलं नाही, तर आम्हाला पुन्हा विचारा."

पालकांनो, मुलांना पाठवा, मुलींनाही पाठवा. घरी आल्यावर किती बास्केट झाले असे पहिल्यांदा विचारू नका. आज कोणाला पास दिलास, असे विचारा.

हे प्रभो, तू आम्हाला दिलेले आमच्या हातात कुजू देऊ नकोस. आमचा खेळ संपेल तेव्हा चेंडू धरून बसण्याची बुद्धी आम्हाला न होवो. जो मोकळा उभा आहे त्याच्याकडे तो देण्याची कृपा आम्हाला दे. आमेन.

आपला ख्रिस्तसेवक,
धर्मगुरू